फोटो कुठे ठेवायचा आणि आई कुठे बसणार?

एका मुलीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश आधी देते.

मुलीचं वय एकतीस. तिच्या बाबांना जाऊन चार वर्षं झाली. होणारा नवरा मेक्सिकोचा. डिसेंबरात मुलीच्या गावी लग्न आहे. आधी स्पेशल मॅरेज ॲक्टखाली नोंदणी, दोन दिवसांनी गोरज मुहूर्तावर गुरुजींकडून विधी आणि रात्री रिसेप्शन. तिथे मेक्सिकोकडच्याही दोन रीती होतील. मुलाचा थोरला भाऊ दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला. त्याच्या आईची इच्छा आहे की हॉलमध्ये एका टेबलावर त्याचा फोटो, मेणबत्ती, फुलं आणि त्याच्या आवडीचा एखादा पदार्थ ठेवावा, आणि शेजारी मुलीच्या बाबांचाही फोटो असावा. मुलाची आजी हयात आहे, पण नव्वदीच्या घरात. तिला प्रवास झेपणार नाही.

मुलीला टेबलाची कल्पना मनापासून आवडली. घरी सांगितली तेव्हा काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, काही न बोलता उठून गेले. नंतर काकूंकरवी निरोप आला की शुभकार्यात गेलेल्या माणसाचा फोटो नको, त्याच्यापुढे खाणं तर मुळीच नको. त्याच बैठकीत कन्यादान काका-काकूंनी करायचं ठरलं. आई गप्प होती. मुलगी लिहिते: "माझ्याच लग्नात माझ्या बाबांना जागा नाही असं वाटायला लागलंय. त्याच्या घरचे गेलेल्यांना इतकं सहज सोबत घेतात, मग आपल्याकडेच हे अशुभ का? मी काकांचं ऐकू की सासूबाईंचं?"

तुमचं पत्र वाचताना काका उठून गेले तिथे मी बराच वेळ अडकले. तुम्ही त्याचा अर्थ नकार असा घेतलात. मला तिथे नकाराआधी दुसरंच काहीतरी दिसतं. बाबा तुमचे वडील होते तसे काकांचे दादा होते. चार वर्षांत तुमच्याशी कुणी ना कुणी बाबांविषयी बोललं असेल, तुमची विचारपूस केली असेल. काकांना किती जणांनी विचारलं असेल? घरातला कर्ता पुरुष म्हणून ते लगेच कामाला लागले असतील. दवाखान्याची बिलं, बँकेची कामं, आता तुमचं लग्न. आणि अशा माणसासमोर एकदम चित्र उभं राहिलं की पाहुण्यांनी भरलेल्या हॉलमध्ये दादाचा फोटो, पुढे ज्योत, फुलं आणि ताटलीत त्याच्या आवडीचं खाणं.

हे चित्र काकांच्या डोळ्यांनी एकदा पाहा. आपल्या घरात फोटो, ज्योत आणि आवडीचा पदार्थ हे तिन्ही एकत्र कधी येतात? वर्षश्राद्धाला आणि पितृपक्षात. तुमच्या सासूबाईंनी सुचवलेली मांडणी तुम्हाला प्रेमाची खूण वाटली, काकांना ते लग्नाच्या मांडवात वाढलेलं श्राद्धाचं पान वाटलं. त्यांच्या मनात दादाविषयी प्रेम कमी आहे किंवा ते जुनाट विचारांचे आहेत, असा यातून अर्थ निघत नाही.

म्हणून 'त्याच्याकडे गेलेल्यांना सहज सोबत घेतात आणि आपल्याकडे अशुभ मानतात' हे तुमचं वाक्य मला मान्य नाही. मेक्सिकोतही त्याला वेळ-काळ आहे. 1 आणि 2 नोव्हेंबरला तिथे गेलेली माणसं घरी परत येतात असं मानतात. त्यांच्यासाठी फोटो, मेणबत्त्या, धूप, पाणी, मीठ, पाव आणि आवडीचे पदार्थ मांडून घरोघरी ओफ्रेंदा सजते. ही परंपरा युनेस्कोच्या वारसा यादीत 2008 मध्ये आली. पण तीही मुळात त्या दिवसांची आहे. तुमच्या सासूबाई ती डिसेंबरातल्या लग्नात मागतायत त्याचं कारण नुसती रीत असेल असं वाटत नाही. त्यांचा मोठा मुलगा गेल्याला दोनच वर्षं झालीत, आणि धाकट्याच्या लग्नात मोठा कुठेच नसणार ही कल्पना त्या आईला सोसत नाही.

म्हणजे काका आणि सासूबाई एकाच दुःखाने दोन वेगळ्या दिशांना ओढतायत. तुम्ही त्यांच्यात निवड करायला गेलात तर दोघांपैकी एकाला तुमच्या लग्नाची आठवण कायम खुपत राहील. निवड करायची गरजही नाही.

आता आपल्या बाजूचं पाहू. लग्नाच्या आधी घरी किंवा कार्यालयात देवक बसवतात, तेव्हा पुण्याहवाचन, मातृकापूजन आणि नांदीश्राद्ध होतं. नांदीश्राद्ध हे नावाप्रमाणे श्राद्धच, पण मंगलकार्याचं. त्यात पितरांना नांदीमुख म्हणून बोलावतात, घरात आनंद आहे, आशीर्वादाला या, म्हणून. एरवीच्या श्राद्धातले तीळ इथे चालत नाहीत, त्यांच्या जागी जव घेतात. आणि स्मरणाची सुरुवात आई, आजी, पणजी या ओळीपासून होते. गेलेल्यांना आधी बोलावल्याशिवाय आपल्याकडे लग्नाला हातच लावत नाहीत. मग त्यांचं नाव निघालं की अशुभ, ही समजूत आली कुठून हाच खरा प्रश्न आहे.

अडचण एवढीच की हा विधी बऱ्याच घरांत नारळ आणि दक्षिणा ठेवून घाईघाईत उरकला जातो. त्या वेळी घरात कुणी चहा शोधत असतं, तर कुणी मेंदीवालीला फोन करत असतं. तुम्ही तसं होऊ देऊ नका. गुरुजींना आधी भेटून सांगा की आम्हाला हा भाग सावकाश हवा आहे, नावं स्पष्ट उच्चारा आणि प्रत्येक टप्प्याचा अर्थ दोन वाक्यांत मराठीत सांगा. कुणीतरी तो सासूबाईंना स्पॅनिशमध्ये सांगेल. सासूबाईंना त्या दिवशी सकाळी मुद्दाम बोलवा आणि काकांच्या शेजारी बसवा. तिथे दोन्ही घरांची जवळची माणसं असतील, चारशे पाहुणे नसतील. तुम्हाला रडू आलं तर तिथे येऊ द्या. लग्नाच्या दिवशी रडले तर सगळं बिघडेल ही धास्ती तुमच्या पत्रात दोनदा आली आहे, म्हणून हे सांगते.

बाबांचं नाव भर मांडवातही घेतलं जाणारच आहे. कन्यादानाच्या संकल्पात दोन्हीकडच्या तीन पिढ्यांचा उच्चार होतो, अमक्याची पणती, तमक्याची नात, अमक्याची मुलगी, आणि तसंच मुलाचं. त्यासाठी एक छोटं काम आजच करा. मुलाच्या पणजोबांचं, आजोबांचं आणि वडिलांचं नाव देवनागरीत मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहा, उच्चार गुरुजींकडून एकदा म्हणवून घ्या. ऐन वेळी स्पॅनिश नावापाशी गुरुजी अडखळले की लोक हसतात, आणि ज्यांचं नाव घ्यायचं त्या माणसाचाच मान जातो. गोत्राचं काय, हेही आधीच विचारून ठेवा. ज्याला गोत्र माहीत नाही त्याच्यासाठी कश्यप गोत्र घेण्याची रीत आहे. दोन्हीकडच्या आयांची आणि आज्यांची नावं जोडायचीही विनंती करा, बरेच गुरुजी आता ती मान्य करतात.

आणि आता जे तुम्ही विचारलं नाही त्याकडे वळते. तुमच्या पत्रात आईविषयी एकच वाक्य आहे, 'आई गप्प होती.'

बाबांच्या फोटोवरून इतकी चर्चा झाली आणि बाबांबरोबर संसार केलेली बाई त्याच खोलीत बसलेली असताना कन्यादान काका-काकूंकडे गेलं. तिला कुणी विचारलं का? तुम्ही विचारलंत का? काकांनी हे वाईट हेतूने ठरवलं असं मी म्हणत नाही. जोडप्यानेच बसायचं ही सवय इतकी मुरलेली आहे की दुसरं काही सुचतही नाही. पण शास्त्राचा आधार देऊन कुणी आईला मागे सारत असेल तर शास्त्र काय म्हणतं तेही पाहावं. याज्ञवल्क्यस्मृतीत कन्यादानाचा अधिकार कुणाकुणाचा याची यादी आहे: पिता, पितामह, भाऊ, सकुल्य म्हणजे कुळातला नातलग, आणि जननी. आईचं नाव शेवटी आहे हे खरं, पण आहे. एकटी आई कन्यादानाला बसते अशी लग्नं आज होतात. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीत शिकलेल्या स्त्री-पुरोहितांना किंवा त्या वळणाच्या गुरुजींना त्यात काही वावगं वाटत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने 2022 च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सुचवलं. एक गाव सभेत बसून हे ठरवू शकतं, तर एका घराला ते अवघड नसावं.

तरीही आईला पाटावर बसवाच असा आग्रह मी धरणार नाही. तिला ते नको असेल, लोकांच्या नजरा झेलायची तिची तयारी नसेल, तर तो तिचा निर्णय आहे. फक्त तो तिने घ्यावा. तिला एकटीला गाठा, काकू नसताना, स्वयंपाकघरात किंवा रात्री झोपायच्या आधी, आणि सरळ विचारा, "आई, तुला काय वाटतं? तू बसशील?" ती पहिल्यांदा 'मला काय विचारतेस, काका आहेत ना' असं म्हणेल. तिथे थांबू नका, दोन दिवसांनी पुन्हा विचारा. ती तयार झाली तर काका-काकूंचा मान जायचं कारण नाही. आई मध्ये आणि काका-काकू दोन्ही बाजूंना, हात लावायला तिघंही. ती नाही म्हणाली, तर निदान हळद लावायला, ओवाळायला आणि ओटी भरायला तिला पुढे घ्या, आणि हे आदल्या दिवशीच सगळ्या काकू-आत्यांना सांगून ठेवा. ऐन वेळी कुणीतरी सवयीने 'तू राहू दे गं' म्हणतं आणि ती मागे सरकते. ते एक वाक्य तिच्या कानावर पडू नये याची जबाबदारी एखाद्या बहिणीवर किंवा मैत्रिणीवर नाव घेऊन सोपवा. बाबांचा फोटो कितीही सुंदर सजवला आणि आई मात्र हॉलमध्ये मागच्या खुर्चीत बसली, तर त्यात बाबांचा कसला मान?

टेबलाचं काय करायचं ते आता सोपं आहे. विधीच्या मांडवात टेबल नको, रिसेप्शनच्या जागी असू द्या. तिथे मुहूर्त नाही, होम नाही, त्यामुळे काकांचा अर्धा विरोध तिथेच गळेल. प्रवेशद्वारातही ठेवू नका. आहेराची पाकिटं हातात घेऊन आत येणाऱ्या माणसाला पहिलं दर्शन गेलेल्यांचं होऊ नये, आणि पाहुण्यांनी त्या टेबलावर पाकिटं ठेवावीत असंही होऊ नये. शांत कोपरा निवडा. बाबांच्या फोटोला हार घालू नका. आपल्याकडे हार घातलेला फोटो एकच गोष्ट सांगतो. त्याऐवजी त्यांचा हसरा, काहीतरी करतानाचा फोटो निवडा, स्कूटरवरचा, तुम्हाला कडेवर घेतलेला, आणि शक्य असेल तर काका आणि बाबा दोघं बरोबर असलेला. तो फोटो काकांकडूनच मागा. त्यांच्या कपाटात असा एखादा नक्की असेल, आणि तो शोधता शोधता ते बोलायला लागतील. पदार्थ ताटलीत वाढून फोटोपुढे ठेवण्याऐवजी जेवणाच्या यादीत घाला: मोठ्या दिरांच्या आवडीचा एक, बाबांच्या आवडीचा एक, आणि बुफेवर छोट्या चिठ्ठीत लिहा की हा कुणाला आवडायचा. सासूबाईंना हे आधी समजावून सांगा. खाणं पानात वाढून सगळ्यांनी खाल्लं तर त्यांच्या मुलाचं नाव जास्त तोंडी होईल.

फुलांविषयी मात्र त्यांच्याशी आवर्जून बोला. तुमचा मांडव झेंडूचा असणार, नाही का? झेंडू मूळचा मेक्सिकोचा, युरोपातून आलेल्या लोकांबरोबर तो इकडे आला. आपण त्याची तोरणं दसऱ्याला, वास्तुशांतीला, लग्नाला लावतो. त्यांच्याकडे नोव्हेंबरच्या त्या दोन दिवसांत हेच फूल गेलेल्यांना घराची वाट दाखवतं, पाकळ्यांची रेघ दारापासून ओफ्रेंदापर्यंत ओढतात. विचार करा, मुलगा गेलेली आई धाकट्याच्या लग्नाला आली आहे आणि दारापासून बोहल्यापर्यंत सगळीकडे तेच केशरी फूल, तोच वास. काकांना टेबल पाहून जे झालं ते सासूबाईंना तुमचा मांडव पाहून होऊ शकतं, आणि त्या बिचाऱ्या परक्या देशात कुणाला सांगणार? त्यांना आधी फोटो पाठवा, आपल्याकडे हे फूल कशाचं आहे ते सांगा. त्यांना चाललं तर आदल्या संध्याकाळी तोरणं ओवायला त्यांना आईच्या शेजारी बसवा. नाहीच चाललं, तर शेवंती आणि मोगरा आहेच.

दिरांसाठी मला सगळ्यात आवडलेली जागा त्यांच्याच रीतीत आहे. आर्रास नावाच्या रीतीत नवरा नवरीच्या ओंजळीत तेरा नाणी देतो. त्यातलं एक भावाचं असू द्या, त्याच्या पाकिटातलं, ड्रॉवरमधलं, कुठलंही. लासो, म्हणजे दोघांच्या खांद्यांवरून घालायची ती जोडमाळ, घालायला मोठा भाऊच आला असता ना? तो मान त्याच्या जिवलग मित्राला द्या. पाहुण्यांना कारण कळलं नाही तरी चालेल. आठवण सगळ्यांना दिसायलाच हवी असं कुठे आहे? तशीच एक जागा नोंदणीत आहे. स्पेशल मॅरेज ॲक्टच्या नोंदणीला तीन साक्षीदार लागतात. एक सही बाबांच्या सर्वात जुन्या मित्राची घ्या. आणि तुमची स्वतःची सही बाबांच्या पेनाने करा. त्याची शाई आधी तपासून घ्या.

काही गोष्टी मी टाळेन. गेलेल्यासाठी पहिल्या रांगेत रिकामी खुर्ची ठेवण्याची पद्धत काही देशांत आहे. आपल्या गर्दीच्या हॉलमध्ये तिच्यावर दहा मिनिटांत कुणीतरी बसेल किंवा पर्स ठेवेल, आणि ते पाहून आईचं काळीज हलेल. दोन मिनिटं शांतताही नको, ती शोकसभेची वाटते. गेलेल्या माणसाला एआयने बोलतं करून 'बाळा, आशीर्वाद' म्हणायला लावणारे व्हिडिओ हल्ली लग्नांत दाखवतात. तेही कृपा करून नको. बाबा जे कधी बोललेच नाहीत ते त्यांच्या तोंडी घालायचा हक्क कुणाला नाही, आणि आईला त्या आवाजासमोर अचानक उभं करणं फार क्रूर आहे. बोलायचंच असेल तर मंगलाष्टक आहे. घरच्यांनी रचलेलं एक कडवं बाबांच्या आणि दिरांच्या नावाचं असू द्या. आत्या-मावश्यांपैकी कुणाला शार्दूलविक्रीडित वृत्त जमत असेल तर उत्तमच, ओळीला एकोणीस अक्षरं बसवायची. सूर आशीर्वादाचा ठेवा आणि ते कडवं शेवटी घेऊ नका, म्हणजे अक्षता आनंदात पडतील.

उरल्या आजी. त्या हयात आहेत, त्यामुळे त्यांचा फोटो चुकूनही त्या टेबलावर ठेवू नका. 'येऊ न शकलेली माणसं' म्हणून सगळ्यांना एकत्र मांडायचा मोह होतो, आणि एखादा पाहुणा जाऊन आजींसाठी हात जोडतो. त्यांना प्रत्यक्ष लग्न दाखवा. मध्य मेक्सिकोची वेळ आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे आहे, आणि 2022 पासून तिथे बहुतेक भागात घड्याळं पुढे-मागे करणं बंद झालं आहे. तुमचा मुहूर्त संध्याकाळी साडेसहाचा असेल तर आजींकडे सकाळचे सात वाजलेले असतील. सकाळचा मुहूर्त धरला असता तर त्यांना मध्यरात्री जागावं लागलं असतं, म्हणून गोरज मुहूर्त इथे सोयीचा आहे. फोन स्टँडवर लावून एका भाच्याला फक्त तेच काम द्या, आणि आजींच्या घरी तांदूळ आधी पोचतील असं बघा, म्हणजे त्याही तिकडून अक्षता टाकतील. विधी संपल्यावर वाकून नमस्कार करताना पहिल्या रांगेतल्या मोठ्यांबरोबर त्या फोनलाही करा.

आता क्रम. आधी आई, मग काका, मग सासूबाई, आणि गुरुजी सगळ्यात शेवटी. काकांकडे परवानगी मागायला जाऊ नका आणि वाद घालायलाही जाऊ नका. फोटो मागायला जा. 'काका, तुमचा आणि बाबांचा एखादा फोटो आहे का?' एवढंच विचारा आणि त्यांना बोलू द्या. टेबलाचा विषय दुसऱ्या दिवशी काढा. नवऱ्यालाही बरोबर न्या. त्याच्या भावाविषयी काकांनी त्याला आजवर काही विचारलं नसेल, भाषेमुळे आणि संकोचामुळे. धाकट्या भावाने धाकट्या भावाला सांगितलेलं काकांना लवकर कळेल.

हे सगळं करूनही काका टेबलाला तयार झाले नाहीत, तर बाबांचा फोटो टेबलावरून काढा आणि दिरांचा राहू द्या. सासूबाईंना कारण खरं खरं सांगा. बाबा नांदीश्राद्धात आहेत, संकल्पात आहेत, मंगलाष्टकात आहेत, सहीच्या पेनात आहेत. एका फोटोवरून काकांना लग्नभर कोपऱ्यात उभं राहायला लावू नका. आईच्या बाबतीत मात्र अशी माघार घेऊ नका. ती पाटावर बसायला तयार असेल तर मग कुणीही कितीही नाराज झालं तरी ती बसेल.

पत्रिका अजून छापायला गेली नसेल तर तिचा मसुदा पुन्हा वाचा. निमंत्रक म्हणून फक्त काका-काकूंची नावं असतील तर ती बदलून घ्या. पहिलं नाव आईचं, मग काका-काकू, आणि बाबांचं नाव 'कै.' लावून तुमच्या नावाखाली. मुलाकडच्या ओळीत भावाचं नाव कसं घालायचं ते सासूबाईंनाच विचारा. त्यांच्याकडे पत्रिकेत दिवंगतांच्या नावाला छोटा क्रूस लावतात, तो छापखान्याला नीट काढून द्या. आणि प्रूफ आईला दाखवल्याशिवाय छपाईला होकार देऊ नका.